सिरॅमिक की मेटल

सत्तावीस वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारत आले.
खुर्ची मागे कललेली, तोंडात कापूस,
उत्तर देता येत नाही नेमकं तेव्हाच:
सिरॅमिक बसवू की मेटल?
बहुतेक जण डोळ्यांनीच म्हणतात, स्वस्त कुठलं ते.

आज मला विचारलं.
एबी रोडवरची शोरूम, एसी इतका
की कॉफी ओठांपर्यंत येईतो निवली.
दिव्यांशू नावाचा मुलगा, माझ्या लेकीहून लहान,
टॅब्लेटवर बोटाने माझी गाडी फिरवत होता,
अजून न बनलेली, करडी, दोन सीटची.
"आणि ब्रेक, मॅडम?
सिरॅमिक घेतले तर कॅलिपर पिवळे येतात.
लोखंडाचे लाल.
जाणणारे सिग्नलवरच ओळखतात."
फरक साडेनऊ लाखांचा.
एवढ्यात माझं पहिलं क्लिनिक दोनदा उभं राहिलं असतं,
कॉम्प्रेसरसकट.

तो सांगत गेला. वजन निम्मं.
चाकांवर काळी भुकटी बसत नाही,
"आणि आपलं इंदौर तर स्वच्छतेत पहिलं,"
स्वतःच्याच विनोदावर हसला.
"कितीही तापले तरी दमत नाहीत."

इथे मी त्याचं ऐकणं सोडलं.

भेरूघाट. बाबांची फियाट, खंडव्याकडे उतरताना.
तिसऱ्या वळणावर पेडल नुसतंच खाली गेलं,
लोण्यात बोट जावं तसं.
आणि तो वास.
ड्रिलखाली दाढ तापली की अजून येतो मला,
मास्कच्या आत, कुणाला न सांगण्यासारखा.
बाबांनी गिअर पाडला, इंजिन किंचाळलं,
डोंगराच्या कुशीला घासत घासत गाडी थांबली.
आईने उतरून चाकाखाली दगड लावला.
कुणी रडलं नाही, कुणी बोललं नाही.
अर्ध्या तासाने बाबाच म्हणाले,
"लोखंड आहे. निवेल."

संध्याकाळी सियागंजात शब्बीरभाईंना विचारलं.
बेअरिंग पुसता पुसता त्यांनी उलट विचारलं,
रोज जाता कुठे?
स्नेहलतागंज ते पलासिया.
साडेतीन किलोमीटर, नऊ स्पीडब्रेकर,
आणि महिन्यातला एखादा रविवार मांडूकडे.
"मग त्या बिचाऱ्याला तापायलाच मिळणार नाही.
थंड सिरॅमिक सकाळी कुरकुरतं, बाई.
आणि पंक्चरवाल्या पोराने चाक काढताना
जरा टेकवलं कडेला, उडाला टवका,
की बसा नव्या डिस्कची वाट बघत."

टवका मला कळतो.
हळदीच्या आदल्या रात्री एक मुलगी आली होती,
भुट्टा खाताना समोरच्या दाताचा कोपरा गेलेला,
रुमालात तो कण, तांदळाएवढा,
जणू तो परत चिकटवता येईल.
माझ्या स्वतःच्या डाव्या शेवटच्या दाढेवर मेटल आहे.
हसताना दिसत नाही, म्हणजे
दिसू नये इतकंच मी हसते.
चिक्की, सुपारी, राग,
सगळं तिथेच चावून झालंय.

खोटं का बोलू, पिवळा मला फार आवडला होता.
तरी फोन करून म्हटलं, लाल.
दिव्यांशू क्षणभर गप्प. मग, "शुअर, मॅडम?"
पेशंट कॅपचं बिल बघून गप्प होतात
त्याहून ही शांतता वेगळी होती,
त्याच्या कमिशनची असावी.

गाडी आली. वॉचमन खुमानसिंगने रात्री
हौसेने धुतली, पुसली नाही.
सकाळी डिस्कवर चहाच्या रंगाचा पातळ गंज.
गेटपाशी पहिला ब्रेक: खर्र.
जाळीवाल्या मिशिनीतून जुनी कढई काढावी तसा.
दुसऱ्याला अर्धा.
पलासियाच्या सिग्नलपर्यंत लोखंड आरशासारखं.

शेजारी बुलेट थांबली. पोरगा वाकला,
चाकाच्या आरांतून बघत मागच्याला म्हणाला,
"लाल हे, भिया."

सिग्नल सुटायला अकरा सेकंद होते.
मी हसले, काच खाली असताना,
शेवटची दाढ दिसेल इतकं.